चौक कुणी लिहिला?

डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यावर लग्न निघालं, की घराच्या कुडावर चौक लिहावा लागतो. चौकाशिवाय लग्न लागत नाही. शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठात बुडवलेली बांबूची काडी फिरते आणि मधोमध पालघट देवी उभी राहते. हे काम सवाशिणींचं. लग्न लावते तीही बाईच, धवलेरी.

तरी आज ‘वारली चित्रकार’ म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुष येतो. जिव्या सोमा मशे यांची थोरवी वादातीत आहे. विधीच्या चौकातून बाहेर पडून त्यांनी शेती, मासेमारी, तारपा नाच असं अख्खं जगणं कागदावर आणलं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण ज्यांच्या भिंतींवर ही रेघ पिढ्यान्‌पिढ्या जगली, त्या बायकांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

बिहारच्या मिथिलेत वेगळं घडलं. कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंती तिथेही बायकाच रंगवत. १९६६-६७च्या दुष्काळात त्यांच्या हाताला काम मिळावं म्हणून कागद घेऊन गेले ते मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. सत्तरच्या दशकात वारल्यांकडे कागद नेणारेही हेच कुलकर्णी! मिथिलेत मात्र कागदाबरोबर नावही बायकांकडे आलं. जगदंबा देवींना १९७५मध्ये पद्मश्री मिळाली, मग सीता देवींना, गंगा देवींना.

अर्थात तिथेही सगळ्या बाया एका पंगतीला नव्हत्या. आधी पुढे आल्या त्या मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या. दुलारी देवी मल्लाह समाजातल्या, मासेमारी करणाऱ्यांतल्या. रांटी गावात चित्रकार महासुंदरी देवींच्या घरी त्या धुणीभांडी करत आणि तिथेच चित्रकला शिकल्या. महासुंदरी देवींना पद्मश्री मिळाली २०११मध्ये, मशे यांच्याच वर्षी. दुलारी देवींना ती मिळायला २०२१ उजाडलं.

आता वारली रेघ साड्यांवर आहे, कपांवर आहे, सरकारी भिंतींवर आहे. २०१४मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकनाने जमातीचं नाव जपलं, हे चांगलंच झालं. पण भिंत रंगवण्याचं काम देताना पाड्यावरच्या बायकांना विचारलं पाहिजे, पैसे त्यांच्या हातात दिले पाहिजेत, कलाकार निवडणाऱ्या समितीत एखादी धवलेरी बसली पाहिजे. आणि संग्रहालयात लग्नचौक लावला, तर खालच्या पाटीवर तो लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं हवीत, एकेकीचं, पूर्ण.