दिवसा येणारी झोप : आळस की आजार?

(पूर्णगड येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर प्रतिवर्षी विद्यार्थ्यांचा गौरव होतो, शिक्षणनिधीचा हिशेब वाचला जातो आणि वडीलधाऱ्यांकडून उद्योगाचा उपदेश होतो. आज आम्ही मांडणार असलेला विषय ऐकून काहींस हसू येईल. विषय आहे दिवसा येणारी झोप. आताच भोजने आटोपली आहेत, मुचकुंदीच्या खाडीवरून वारा सुटला आहे. अशा वेळी सभेत चारदोन डोळे मिटलेले दिसले तर आम्ही रागावणार नाही. ती वामकुक्षी होय, रोग नव्हे.

रोग तो, की ज्यात रात्री सात-आठ तास अंथरुणावर पडूनही दिवसा झोप आवरत नाही. वहीवर पेन्सिल घसरते, हातातला घास हातात राहतो, होडीचे सुकाणू धरलेला हात सैल पडतो. अशा माणसास आपण आळशी म्हणतो आणि विषय तेथेच संपवतो.

प्रथम घोरण्याविषयी. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण, अशी आपली समजूत; कुंभकर्णाचे नाव घेऊन घरोघर थट्टाही चालते. वास्तविक कित्येक घोरणाऱ्यांचा घसा झोपेत आतून मिटतो, श्वास दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक काळ अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू दचकून क्षणभर जागा होतो. असे रात्रीतून शेकडो वेळा घडू शकते. मात्र सकाळी त्यास त्याची आठवण नसते. यास स्लीप ॲप्निया म्हणतात. रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशीही त्याचे नाते आहे. या आजाराचा खरा साक्षीदार रोगी नव्हे, शेजारी झोपणारे माणूस. म्हणून डॉक्टरांकडे जाताना गृहिणीने बरोबर जावे आणि श्वास कसा अडतो ते स्वतः सांगावे; भीड धरू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, 35 ते 65 वयाच्या शहरी पुरुषांपैकी सुमारे साडेसात टक्क्यांस दिवसाच्या झोपेसह हा विकार असल्याचे अनुमान निघाले. आपल्यापैकी किती घरांचे कर्ते पुरुष मुंबईस आहेत, ते येथे सांगावयास नको.

यावर उपाय आहे. ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली नाकावाटे हवेचा मंद दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली; आजचे सीपॅप यंत्र त्यातूनच आले. वजन उतरवणे, रात्री मद्य वर्ज्य करणे, कुशीवर झोपणे यांचाही उपयोग होतो. यंत्र विजेवर चालते, आणि आषाढातील कोकणची वीज आपण जाणतोच; तेव्हा घेताना बॅटरीची सोय विचारून घ्यावी.

दुसरा विकार विरळा, पण अधिक गैरसमजाचा. एके काळी आरमारात वैद्य असलेल्या जेलिनो नामक फ्रेंच गृहस्थांनी 1880 साली त्यास नार्कोलेप्सी हे नाव दिले. तो बहुधा पौगंडावस्थेत किंवा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणजे नेमका शालान्त परीक्षेच्या आणि विवाहाच्या सुमारास. काहींस मोठ्याने हसू आले की गुडघे लटपटतात, मान खाली पडते, माणूस कोसळतो. शुद्ध मात्र कायम असते. झोपी जाताना वा जागे होताना कुणी छातीवर बसल्याचा भास होतो, हातपाय हलत नाहीत. मग घरची मंडळी कधी फेफरे म्हणतात, कधी बाहेरची बाधा. मुलगी असेल तर गोष्ट दाराबाहेर जाऊ देत नाहीत, आणि उपचाराची वर्षे अशीच निघून जातात. यात बाधा नाही आणि वेडही नाही. मेंदूत ओरेक्सिन नावाचे एक द्रव्य जागेपण टिकवून धरते. त्याचा शोध 1998 साली लागला. पुढे 2000 साली, या रोगाच्या मुख्य प्रकारात ते द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, असे दिसून आले. ज्याच्या पेशी गेल्या त्यास इच्छाशक्तीचा उपदेश करणे म्हणजे आंधळ्यास नीट पाहा म्हणून दटावणे होय.

हा रोग आज समूळ जात नाही, पण ताब्यात राहतो. दुपारी ठरल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची झोप, रात्री निजण्याची एकच वेळ आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मोडाफिनिलसारखी औषधे यांच्या बळावर माणसे शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. निदानासाठी एक रात्र आणि दुसरा दिवस प्रयोगशाळेत झोपून काढावा लागतो. ही सोय मुंबई-पुण्यासारख्या शहरी मिळते.

अर्थात प्रत्येक पेंग म्हणजे रोग नव्हे. रात्रभर जाळी ओढणाऱ्यास दिवसा झोप येणारच; थायरॉईडचा दोष, सर्दीच्या गोळ्या, मध्यरात्रीपर्यंतचा मोबाईल, यांनीही ती येते. पण कारण कोणतेही असो, झोप आवरत नसलेल्या माणसाने निदान व उपचार होईपर्यंत मोटार हाकू नये की नौका घेऊन एकट्याने समुद्रात जाऊ नये. या बाबतीत आम्ही सवलत देणार नाही.

शेवटी कार्यकारी मंडळास दोन सूचना. मुंबईतील ज्या बांधवांस शक्य असेल त्यांनी तपासणीसाठी येणाऱ्या गाववाल्यांस दोन रात्री आसरा द्यावा व आपली नावे चिटणीसांकडे नोंदवावीत. आणि अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बंद करण्यापूर्वी समितीने त्याच्या आईस एवढेच विचारावे, की मुलगा वर्गात झोपतो काय, आणि रात्री त्याचा श्वास कसा चालतो.