न मागता आलेले



आपल्या मुकुटबनवरून आदिलाबादकडे आगगाडी जाते. डब्यात शेजारी कोण येऊन बसेल, हे तिकीट काढताना कोणाला ठाऊक असते? असाच एक प्रवास आज तुम्हांला सांगायचा आहे.

साल १८९३. कवी नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक अनोळखी गोरा साहेब भेटला. बोलणे कवितेवरून धर्मावर आले. निरोप घेताना त्याने ‘नवा करार’ टिळकांच्या हाती ठेवला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगून टाकले! टिळकांना तेव्हा ते खरे वाटले नाही. पण पुढे डोंगरावरचे प्रवचन वाचायला घेतले, अन् पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथवरची गोष्ट पुष्कळजण सांगतात. देवाची देणगी म्हणून सांगतात. मला विचाराल तर खरी गोष्ट इथून पुढे आहे. देणगी टिळकांना मिळाली. तिची किंमत मोजली ती लक्ष्मीबाईंनी. माहेर कडक सोवळ्याचे. पदरी लहानगा दत्तू. नवरा हयात, पण संसार उठलेला. चार-पाच वर्षे ती बाई नातेवाइकांच्या आधाराने राहिली. ईयोबाच्या कथेत आपण ईयोबाच्या धीराचे कौतुक करतो. त्याच्या बायकोची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. दहा लेकरे गेली, ती तिचीही होतीच की!

लक्ष्मीबाई परत आल्या त्या नवऱ्याच्या धर्मात नव्हे, नवऱ्याच्या घरात. चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या श्रद्धेचे मोठे लक्षण मी मानतो. पुढे लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला, की जात देवाने केली का माणसाने? उत्तर सापडले तसे सोवळे सुटले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण म्हणून आधीची वर्षे सुखाची होती, असे काही त्या सांगत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, गुरुजींनी तर वर्गात वाचून दाखवावे. दुःख दुःखच राहते, तरी बाई हसते, आणि आपल्यालाही हसवते. श्रद्धेने संकट गोड होते, असे कोणी सांगू लागले तर मला ते पटत नाही. संकटातही देवाशी बोलणे तुटत नाही, एवढे मात्र या घराकडे पाहून म्हणता येते.

टिळक १९१९ साली वारले. येशूचे चरित्र ओव्यांत लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्या ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय हातावेगळे झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय लिहायला घेतले.