नऊ एकांचा डोंगर

(सांगली येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दोन शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली. उपदेशाऐवजी एक संख्याच आपणांपुढे ठेवतो : १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली आहेत; त्यांपैकी सतरा ही संख्या व्यापते. नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला की ती मिळते. तिच्या अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो!

अशा संख्यांचा अभ्यास दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी केला. १९०५ साली डहाणूस जन्मलेले हे गृहस्थ १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी या संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले; आणि स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या. आपली संख्या हर्षदही आहे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात लिहिले, तेव्हा या मास्तरांची कीर्ती जगभर झाली.

आता माझी एक चूक सांगतो. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात मी हा डोंगर फळ्यावर काढीत होतो. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असे करीत नवापर्यंत आलो. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, दहा एक घेतले तर?” मी म्हणालो, “तसेच पुढे. खाली बस.”

रात्री कंदिलापाशी गुणाकार मांडला. एकाखाली एक, एकेक घर सरकवून ओळी लिहिल्या की उभ्या बेरजा १, २, ३ अशा चढतात. नऊ ओळींपर्यंत मधली बेरीज ९ च राहते, म्हणून डोंगर अभंग. दहाव्या ओळीस ती १० होते, हातचा येतो, आणि उत्तर निघते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा आठ नाहीसा होतो व शिखरावर दोन शून्ये बसतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. त्या मुलाने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही. नऊ वेळा खरे ठरले ते दहाव्या वेळी ठरेलच असे नाही, हे त्याला उमगले होते, मला नव्हते.

पालकहो, आज आपण गुणांचा गौरव केला, तो योग्यच आहे. परंतु घरी मूल “दहा घेतले तर?” असे विचारील, तेव्हा त्यास खाली बसवू नका. कागद घ्या आणि त्याच्याशेजारी बसून गुणाकार मांडा. जे मी त्या दिवशी केले नाही, ते आपल्या हातून घडावे, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.