पुरंदरचा राखणदार : राजे उमाजी नाईक

(कात्रज येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



कात्रजच्या या डोंगरांपलीकडे पुरंदर उभा आहे. त्याच्या परिसरातील भिवडी गावी ७ सप्टेंबर १७९१ रोजी दादोजी खोमणे यांच्या पोटी उमाजींचा जन्म झाला. गडाची राखण हा रामोशांचा पिढीजात मान होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तो गेला. १८१८ नंतर कंपनी सरकारने हक्क आणि इनामेही आवळली. राखणदार एका रात्रीत ‘दरोडेखोर’ ठरला!

असे अन्यत्रही घडले आहे. १७४६ मध्ये कलोडनच्या रणात स्कॉटलंडच्या डोंगरी कुळांचा पराभव झाला, तेव्हा लंडनच्या सत्तेने कुळप्रमुखांचे वंशपरंपरागत अधिकार रद्द केले, शस्त्रे काढून घेतली, पारंपरिक पोशाखावरही बंदी घातली. दैवगती पाहा, उमाजींना पकडणारा कॅप्टन मॅकिंटॉश! हे नावही तिथल्याच एका डोंगरी कुळाचे.

उमाजी तुरुंगात लिहावाचायला शिकले. सत्तू नाईकांच्या मृत्यूनंतर बंडाची धुरा त्यांच्याकडे आली. बळाने नमत नाही म्हटल्यावर सरकारने त्यांना माफी, जमीन आणि नोकरी देऊ केली. अनेकांचे आयुष्य येथे सुखाने संपले असते. उमाजींचे बंड मात्र पुन्हा पेटले. १६ फेब्रुवारी १८३१ च्या जाहीरनाम्यात त्यांनी रयतेला, परक्यांना महसूल देऊ नका, असे बजावले. हे लुटारूचे बोलणे नव्हे. ही राज्यकर्त्याची भाषा आहे.

त्यांच्या शिरावर दहा हजार रुपयांचे इनाम लागले. फौजेला जे साधले नाही, ते फितुरीने साधले. डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळील उत्रोळी येथे आपल्याच माणसांनी त्यांना पकडून दिले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्याच्या खडकमाळ आळीत त्यांना फाशी झाली. वय अवघे चाळीस.

बंड फसले, हे मान्य केलेच पाहिजे. साधने अपुरी होती, पाठबळ एका टापूपुरते होते आणि घरभेदी घरातच होते. परंतु १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके उठले, तेव्हा सुशिक्षितांनी पाठ फिरवली. पाठीशी उभे राहिले ते दौलतराव नाईकांसारखे रामोशीच. सत्तेचाळीस वर्षांनंतरही ती ठिणगी विझली नव्हती.

म्हणून केवळ जयंतीला हार घालून आपले ऋण फिटत नाही. ज्या समाजाने गड राखले, त्याच्या मुलांना आज शाळेत आणि समाजात मानाचे स्थान आहे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारू या. उमाजींचे खरे स्मरण तेच होय.