पाणीपातळीची नोंद सर्वांसाठी खुली हवी



देशोदेशींच्या अभ्यासकांची ही भूजल परिषद बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात दिंद्रुडला भरावी, हे उचितच आहे. सिंदफणेवरचे धरण जवळ असूनही कालव्याबाहेरच्या शेताची मदार विहिरीवर आणि बोअरवरच असते.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. कठड्यावरच्या ठरलेल्या खुणेपासून टेप सोडायचा, पाण्याला टेकला की आकडा टिपायचा. पण मोटार कधी बंद केली होती, हे शेजारी लिहिले नसेल, तर पाणी खरोखर खालावले की नुकताच उपसा झाला, हे ना यंत्रणेच्या पुण्यातील मुख्यालयात कळते ना परदेशात. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात भेगा लागतील तिथेच पाणी लागते. बांधाला बांध असलेल्या दोन विहिरींचे मान वेगळे असते. तालुक्याच्या सरासरीत हा फरक बुडून जातो. म्हणून तारीख, खोली, खडक आणि उपशाच्या नोंदीसह प्रत्येक विहिरीचा आकडा खुला व्हावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

बीडच्या विहिरीचे जगाला काय, असे कुणी विचारेल. 2002 मध्ये अवकाशात गेलेल्या 'ग्रेस' उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील बदलावरून वायव्य भारतातील भूजलाची घट दाखवून दिली. मात्र त्यांना शेकडो किलोमीटरचा पट्टा एकत्रच दिसत असे. त्यांचे अंदाज जमिनीवर पडताळायचे तर विहिरींच्याच नोंदी लागतात. नेदरलँड्समधील डेल्फ्टचे आंतरराष्ट्रीय भूजल केंद्र अशा नोंदी एकत्र आणते. पण देश देतील तेवढेच त्याच्या हाती येते.

आकडे खुले झाले तर धनदांडगे नेमके तिथेच बोअर घेतील, ही भीती खोटी नाही. परंतु ज्याच्याकडे पैसा आहे तो आजही स्वतःचा भूवैज्ञानिक आणतो. अंधारात राहतो तो दोन एकरवाला. उपशाला आळा कायद्याने घालायचा असतो. राज्याचा 2009 चा भूजल अधिनियम त्यासाठीच आहे, आणि तो राबवायलाही आकडेच लागतात. सीमेपलीकडे माहिती दिली की हक्क जातो, हा दुसरा आक्षेप. पण जिनिव्हा आणि फ्रान्सचा ओत-साव्वा भाग 1978 पासून सामायिक भूजलाचा कारभार कराराने पाहतात. तिथे दोन्हीकडचा उपसा मोजला जातो, आणि त्या मोजमापावरच करार टिकला आहे.

विहीरनिहाय नोंदी मोजणी होताच मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि त्याच वेळी जगासाठी खुल्या व्हाव्यात, असा ठराव या परिषदेने करावा, अशी आपणा सर्वांना विनंती करतो.