चाकाचा मुलामा निवडताना

गाडी घेताना अलॉय व्हीलचे जे रूप डोळ्यांत भरते, ते चार-पाच पावसाळ्यांत उतरू लागते. फुटपाथच्या कडेला घासून रिम खरचटते, ब्रेकची काळी धूळ पक्की बसते, लॅकरखाली पांढरट डाग पसरतात. मग चाके नव्यासारखी करून देणाऱ्या दुकानात गेले की समोर नमुन्यांचा फलक येतो : क्रोम, मिरर, डायमंड कट, मॅट काळा, गन मेटल. निवड त्या फलकावरून होते, म्हणजे चाक पहिल्या दिवशी कसे दिसेल यावरून. माझे म्हणणे असे, की ही निवड उलट्या टोकाकडून व्हायला हवी. रस्त्यावरच्या चाकाचा मुलामा कधी ना कधी फुटणारच. तो फुटल्यावर खालच्या धातूचे काय होते, आणि तो चढवताना त्या धातूचे व कारागिराचे काय होते, हे आधी विचारावे. त्यानंतर रंग आपल्या आवडीचा घ्यायला कोणाचीच हरकत नाही.

क्रोमपासून सुरुवात करू, कारण मोह त्याचाच सर्वांत मोठा. बहुतेक अलॉय व्हील ॲल्युमिनियमच्या ओतकामाची असतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. या धातूवर क्रोम थेट धरत नाही. आधी जस्ताचा पातळ हात, मग तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोम, अशी ही उतरंड. क्रोमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. आपल्याला दिसते ती चमक मुख्यतः खालच्या निकेलची. क्रोम तिला निळसर झाक देतो आणि ती काळवंडू देत नाही. अडचण खडा लागल्यावर सुरू होते. टाचणीच्या टोकाएवढे भोक पडून पाणी आणि मीठ आत शिरले, की तांबे-निकेल एका बाजूला आणि ॲल्युमिनियम दुसऱ्या बाजूला अशी विजेची घटमाला तयार होते. तीत झिजतो तो ॲल्युमिनियम. वरचा निकेलचा पृष्ठभाग मोठा आणि उघडा पडलेला ॲल्युमिनियमचा ठिपका लहान, म्हणून ती झीज एका जागी खोल जाते. वरून चाक झळाळत असते आणि आत फोड धरलेला असतो. मालवण-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत, मुंबईच्या समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये किंवा गोव्याच्या किनारपट्टीवर हे फार लवकर घडते. टायर जिथे रिमला टेकतो तिथे असा पापुद्रा सुटला, तर हवा हळूहळू गळते.

यावर कोणी म्हणेल, जुन्या पद्मिनीचे, ॲम्बॅसेडरचे बंपर पाहा. नीट सांभाळलेले अजून चमकतात. खरे आहे. पण तो बंपर पोलादी, त्याच्यावर निकेलचा भरपूर थर, आणि गंज आला तर तो तांबड्या ठिपक्याने लगेच दिसणारा. शिवाय बंपरने हवा धरून ठेवायची नसते, ब्रेकची धग सोसायची नसते, दर फेऱ्याला खडीचा मारा खायचा नसतो. बंपरचा दाखला चाकाला लागू पडत नाही.

क्रोमविरुद्धचा दुसरा मुद्दा मला अधिक जड वाटतो. पारंपरिक क्रोमच्या टाकीत क्रोमिक आम्ल असते, म्हणजे सहा संयुजेचे क्रोमियम. या टाकीत सोडलेल्या विजेचा थोडाच भाग क्रोम चढवण्यात खर्ची पडतो. उरलेल्या विजेने पाण्यातून वायूचे बुडबुडे निघतात. ते पृष्ठभागावर फुटतात तेव्हा आम्लाची बारीक फवार हवेत उडते आणि टाकीवर वाकलेल्या माणसाच्या नाकात जाते. नाकाच्या पडद्याला जखमा होऊन भोक पडणे हा या धंद्यातला जुना, ओळखीचा रोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली हे क्रोमियम माणसाला निश्चित कर्ककारक ठरवले. युरोपीय संघात २०१७ पासून क्रोमिक आम्ल खास परवानगीवाचून वापरता येत नाही. तीन संयुजेच्या क्रोमियमची पद्धत पुष्कळ सौम्य आहे आणि ती आता रुळली आहे. पण धातूतल्या घटमालेचा प्रश्न तिनेही सुटत नाही.

मग मिररसारखा स्प्रे क्रोम? त्यात क्रोम नसतेच. १८३५ साली रसायनशास्त्रज्ञ लीबिगने काचेवर चांदीचा आरसा उमटवणारी जी रासायनिक क्रिया दाखवली, तिचेच हे फवाऱ्याचे रूप आहे. चांदीचा थर अतिशय पातळ, आणि त्याचे आयुष्य सर्वस्वी वरच्या क्लिअर कोटवर अवलंबून. प्रदर्शनातल्या गाडीला ठीक. रोज घाट चढणाऱ्या गाडीला मी तो सुचवणार नाही. निर्वात पेटीत धातूची वाफ बसवण्याची पद्धत याहून बरीच सरस आहे, पण तिची यंत्रे महाग, आणि एकट्यादुकट्या चाकासाठी ती सहसा मिळत नाही.

डायमंड कटबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण आज नव्या गाड्यांवर तोच सर्वांत जास्त दिसतो. चाक लेथवर चढवून हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने दर्शनी भाग कापतात. तो तिरका धरून पाहिला तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतात. त्या उघड्या धातूवर पारदर्शक लॅकर, बाकी काही नाही. आणि कापलेल्या भागाची कडा धारदार असल्यामुळे लॅकर नेमका तिथेच पातळ बसतो. खडा कडेला लागतो, दमट हवा आणि मीठ आत जाते, आणि लॅकरखालून केसाएवढ्या पांढऱ्या वळवळत्या रेघा पुढे सरकू लागतात. ती रेघ पुसता येत नाही, कारण ती वरून नाही, आतून आहे. उपाय म्हणून चाक पुन्हा कापावे लागते, आणि दर वेळी धातू कमी होतो. असे किती वेळा चालेल, याला मर्यादा आहे. दोन पावसाळ्यांनी परत येणाऱ्या दुखण्यावर चाकाचे अंगच खर्च करणे मला पटत नाही.

म्हणून बहुतेक गाड्यांसाठी मी पावडर कोटिंगच्या बाजूने आहे. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग रंगवणारी जॉबवर्कची दुकाने ही पद्धत रोज वापरतात. पावडरमध्ये द्रावक नसतो. बंदुकीतून विद्युतभारित होऊन ती अर्थिंग केलेल्या चाकावर बसते, आणि खाली पडलेली गोळा करून पुन्हा वापरता येते. भाजल्यावर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा चिवट थर होतो. तो वीजरोधक असल्यामुळे फुटला तरी क्रोमसारखी घटमाला होत नाही. गंज त्या टवक्यापाशी सुरू होतो आणि डोळ्यांना दिसतो. मात्र उन्हात टिकायला वरची पावडर पॉलिएस्टरची हवी. इपॉक्सी खालचा थर म्हणून उत्तम, पण वर राहिली तर उन्हाने खडूसारखी पांढरी पडते. आणि खरे काम बंदूक हाती घेण्याआधीचे आहे. जुना रंग काढून चाक उघडे केले, की तडे तपासण्याची ती एकमेव चांगली वेळ. तडा गेलेले चाक कोणत्याही मुलाम्याने चांगले होत नाही. ओतकामाच्या छिद्रांत तेल आणि हवा अडकलेली असते. ती भट्टीत बाहेर पडून रंगाला भोके पाडते, म्हणून कोरे चाक आधी एकदा तापवून घ्यावे लागते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो : भट्टीच्या उष्णतेने चाक कमजोर होत नाही का? प्रश्न रास्त आहे. चाकाची ताकद कारखान्यातल्या उष्णतेनेच आलेली असते : सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवणे, मग दीडशे ते पावणेदोनशे अंशांना काही तास मुरवणे. त्याहून जास्त उष्णता दीर्घ काळ दिली, तर ती ताकद उतरू लागते. पण नेहमीची पावडर १८० ते २०० अंशांना दहा-वीस मिनिटांत क्युअर होते, आणि कारखानेही चाकावरचा रंग भट्टीतच पक्का करतात. धोका एका नियंत्रित भाजणीत नाही. तो पुन्हा पुन्हा भाजण्यात आणि अंदाजपंचे चालणाऱ्या भट्टीत आहे. हबपाशी धातू जाड, रिमकडे पातळ. हवेचे तापमान पाहून भट्टी चालवणाऱ्याला पातळ भाग किती तापला हे कळतच नाही. धातूचेच तापमान मोजणारे दुकान शोधावे, किंवा सुमारे १६० अंशांना क्युअर होणारी पावडर मागावी.

टवका उडाला की पावडरला हात मारता येत नाही, तेव्हा हार्डनर मिसळून मारायचा साधा टू-के रंग बरा, असेही म्हणतात. एका ओरखड्यासाठी तो बराच आहे. सबंध चाक पुन्हा भाजण्यापेक्षा तेच शहाणपणाचे. पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो, तेव्हा तो बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावून, बंदिस्त बूथमध्येच मारावा.

राहिली एक गोष्ट, जी दुकानदार क्वचितच आपणहून सांगतो. चाक हबला जिथे टेकते ती पाठ, आणि नट बसतात त्या शंकूच्या आकाराच्या जागा, या रंगापासून झाकून ठेवायला सांगा. तिथे जाड थर राहिला, तर तो दाबाने बसतो आणि नटांचा ताण सुटतो. चाके परत बसवताना नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा, आणि पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंच लावून ते पुन्हा तपासा.