आजोळचा अखेरचा दिवस

(जिंतूर येथे झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



जिंतूर हे माझे आजोळ. तब्बल अठरा वर्षांनी मी येथे आलो. मामांच्या पश्चात हे घर मामींनी सांभाळले. चार दिवस त्यांच्या सहवासात गेले आणि आज परतण्याचा दिवस उजाडला. सकाळीच मामी म्हणाल्या, ‘‘रात्रीची गाडी आहे ना तुझी? मग पोरीला चारठाणा दाखव. मीही येते.’’ त्यांचे वय ब्याऐंशी, गुडघे दुखतात. तरीही त्या आल्या.

काल आम्ही नेमगिरीला गेलो होतो. गावालगतच्या डोंगरातील त्या गुंफांमध्ये भगवान नेमिनाथ आणि पार्श्वनाथ यांच्या भव्य मूर्ती आहेत. पार्श्वनाथांची एवढी मोठी पाषाणमूर्ती इवल्याशा आधारावर तोललेली पाहून माझी दहा वर्षांची नात थक्क झाली. जिंतूरचे जुने नाव जैनपूर होते, अशी परंपरा आहे. आज चारठाण्यात शिवमंदिरे पाहिली, कोरीव देवळांचे भग्न अवशेष पाहिले. तेथे एक उंच, नक्षीदार स्तंभ उभा आहे. कोणी त्याला दीपमाळ म्हणतात, कोणी विजयस्तंभ, तर कोणी मानस्तंभ. नावे निरनिराळी, परंतु ऊन-पाऊस झेलत उभा असलेला स्तंभ एकच. आपल्या समाजाचे वर्णन याहून वेगळे काय करावे?

येथे कधीकाळी तीनशे साठ मंदिरे होती, असे गावकरी सांगतात. आकडा बाजूला ठेवला, तरी एका वैभवशाली नगरीच्या खुणा पावलोपावली भेटतात. त्या पाहताना नातीने विचारले, ‘‘आजोबा, हे कोणी बांधलं?’’ मी ‘‘यादवकाळातलं असावं’’ असे म्हणून वेळ मारून नेली. तिचा पुढचा प्रश्न होता, ‘‘मग हे पडलं कसं?’’

परकीय आक्रमणांचे उत्तर माझ्या ओठांवर होते. ते खोटेही नव्हते. देवगिरीचे राज्य बुडाले, मूर्ती भंगल्या, आणि निजामी राजवटीतून मराठवाडा मुक्त होण्यास 17 सप्टेंबर 1948 हा दिवस उजाडावा लागला. परंतु मी बोलण्यापूर्वीच ती वाटेतल्या प्लास्टिकच्या पिशव्यांकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘आणि हे कोणी टाकलं?’’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आक्रमक शतकांपूर्वी येऊन गेले. हा कचरा कालचा होता.

मित्रहो, बारवेच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पाणी जसजसे खाली जाईल, तसतसे माणसाने पायरी-पायरीने त्याच्यापर्यंत उतरावे, ही केवढी साधी आणि शहाणी योजना! चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले चिरे शतके टिकले. याच मराठवाड्यात 2016 साली लातूरची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पूर्वजांनी ठेवलेल्या पाणवठ्यांचे आपण मात्र उकिरडे केले. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर विहिरी, घाट बांधले. त्यांचे नाव घेणाऱ्या समाजाला हे शोभते काय?

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. असे पाणवठे आपल्याच बांधवांना आपण नाकारले. महाडच्या पाण्यासाठी डॉ. बाबासाहेबांना 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. दगडी चिरा निखळला तर पुन्हा बसवता येतो. माणूस तुटला की जोडणे कठीण. म्हणून जेथे बारव स्वच्छ होईल, तेथे पहिल्या पायरीवर सर्व समाज एकत्र उभा असला पाहिजे.

निराश होण्याचे कारण नाही. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रातील तरुणांनी ठिकठिकाणी बारवा गाळमुक्त केल्या. महाशिवरात्रीला तेथे दीपोत्सव होऊ लागले आहेत. हे काम आपले आहे. मात्र उत्साहाच्या भरात कोरीव मूर्तींना तैलरंग फासू नका, जुन्या दगडांवर फरशा बसवू नका. सुटलेला शिल्पखंड जागचा हलवू नका. पुरातत्त्व खात्याला कळवा. श्रद्धेने केलेली नासधूसही नासधूसच असते.

निघताना मामी स्तंभाकडे पाहत म्हणाल्या, ‘‘लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी मला इथं आणलं होतं. आज मी हिला आणलं. माझं काम झालं.’’ मी मात्र अंतर्मुख झालो. मधली कडी मी होतो आणि ती कडी अठरा वर्षे निखळलेली होती. संस्कृती ग्रंथांत टिकते हे खरे. परंतु एका पिढीने दुसरीचे बोट धरून दाखवल्याखेरीज ती घरात उतरत नाही. नातेवाइकांकडे जाणे थांबले की गाव तुटते आणि गाव तुटले की इतिहास परका होतो.

म्हणून एकच विनंती करतो. वर्षातून एकदा घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला सोबत घेऊन आपल्याच तालुक्यातील एखादे प्राचीन स्थळ मुलांना दाखवा. ती व्यक्ती जे सांगेल, ते वहीत उतरवून ठेवा. परतताना तेथील कचरा उचलून आणा. त्यासाठी वर्गणी लागत नाही.

तासाभरात माझी गाडी आहे. मामींनी शिदोरी बांधून ठेवली आहे. ‘‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं,’’ असे त्यांनी लहानपणी शिकवले होते. त्या शब्दाला अठरा वर्षे मी जागलो नाही. आज आपणा सर्वांच्या साक्षीने म्हणतो, मामी, येतो. पुढच्या महाशिवरात्रीला, चारठाण्याच्या बारवेवर दिवा लावायला.

भारत माता की जय!